साडूंनी न पाहिलेले दिवे

आमच्या थोरल्या साडूंनी उभ्या आयुष्यात एकही गोष्ट शेवटपर्यंत नीट पाहिलेली नाही, आणि एकाही गोष्टीला ‘ओके’ म्हणायचं सोडलेलं नाही. त्यांची एक ठरलेली रीत आहे. समोर जे काही येईल त्याच्याजवळ जायचं, मधल्या बोटाचं पेर वाकवून त्यावर दोनदा ठोकायचं, मान तिरकी करून आतला आवाज ऐकल्यासारखं करायचं आणि म्हणायचं, “ओके हाय.” कलिंगड असो, नव्या घराचा स्लॅब असो, विकायला काढलेली म्हैस असो, निकाल तोच. म्हशीला ठोकल्यावर म्हशीने लाथ मारली तरी निकालात फरक पडला नाही. माझं लग्न ठरायच्या आधी सासरे मला बघायला भालकीला आले होते, तेव्हा सोबत हे होते. चहा होईपर्यंत थांबायचाही धीर नव्हता त्यांना. माझ्या पाठीत दोन ठोके घातले आणि सासऱ्यांना सांगितलं, “ओके हाय, मामा. द्या पोरगी.” सासऱ्यांनी त्या भरवशावर मुलगी दिली. माझ्या संसारात जेव्हा जेव्हा भांडण होतं तेव्हा बायको मला काही बोलत नाही. “अण्णांनी तवा नीट बघायचं हुतं,” एवढंच म्हणते.

हे गृहस्थ मूळचे आमच्या भालकी तालुक्यातल्या मेहकरचे, पण नोकरी हैदराबादकडे, एका लहानशा विमान कंपनीत. कंपनीचं नाव मी सांगणार नाही, तिची विमानं अजून आपल्या डोक्यावरून जातात. साडूंचं काम जमिनीवरचं. विमान हँगरमध्ये आलं की तंत्रज्ञ मंडळी त्याची दुरुस्ती करतात आणि साडू ती तपासून सही करतात. सही झाली की विमान उडायला मोकळं. पण आमच्या तालुक्यात निम्म्या लोकांना वाटतं की ते विमान चालवतात, आणि हा गैरसमज दूर करायला साडूंना कधी सवड मिळाली नाही. कुणी विचारलं, “अण्णा, ढगात गेल्यावर रस्ता कसा कळतोय वो?” तर ते हसून म्हणायचे, “सवयीचं हाय ते.” लग्नकार्यात ते हँगरमधलं हिरवंपिवळं चकाकणारं जाकीट घालून यायचे. फोटोवाल्याच्या फ्लॅशपुढे ते जाकीट असं काही पेटायचं की आमच्या धाकट्या मेव्हण्याच्या अल्बममध्ये नवरानवरी दिसत नाहीत, नुसते साडू दिसतात. माझं भालकीत बी-बियाण्यांचं दुकान. त्यावर त्यांचं मत असं की हा काही धंदा नव्हे. “तुमचं काय रे,” माझ्याच दुकानात, माझीच खुर्ची अडवून ते म्हणायचे, “उगवलं न्हाई तर परत पेरतेत. आमच्यात परत न्हाई.” वाक्य खरं होतं. म्हणून तर जास्त राग यायचा.

त्यांच्या तपासणीचे नमुने सांगायचे तर रात्र पुरणार नाही, पण एक सांगितलाच पाहिजे. माझ्या पुतण्यासाठी मुलगी बघायला आम्ही औरादकडच्या एका गावी गेलो होतो. साडू गाडीतून सगळ्यात आधी उतरले आणि आम्ही चपला घालतो न घालतो तोवर समोरच्या घरात शिरले. आम्ही मागून पोहोचलो तेव्हा ते लोडाला टेकून बसले होते, पाणी पिऊन झालं होतं आणि पाणी आणून देणाऱ्या मुलीकडे बघून त्यांनी मला डोळ्याने ‘ओके’ दिलासुद्धा होता. “नाकीडोळी नीटस, चालणं झोकाचं, आवाज मवाळ,” त्यांनी माझ्या वहिनीच्या कानात अहवाल दिला. तेवढ्यात त्या मुलीचे दोन पोरगे शाळेतून आले आणि ‘आई, भूक’ म्हणून तिच्या पदराला लोंबकळले. आम्हांला जायचं होतं ते घर पलीकडच्या गल्लीत होतं. खजील होऊन आम्ही बाहेर पडलो, तर साडू रस्त्यात मलाच म्हणतात कसे, “घर चुकलं आसंल. पर माझं बघणं चुकलं न्हाई. पोरगी ओकेच हाय.”

बसस्टँडवरही हाच प्रकार. हुमनाबादला जाणारी बस सुटायच्या आधी ते पुढे जाऊन टायरला लाथ मारायचे, बॉनेटवर ठोकायचे आणि ड्रायव्हरला अंगठा दाखवायचे. ड्रायव्हरांना आधी आश्चर्य वाटायचं, मग राग यायचा, मग सवय झाली. एकदा ती बस अर्ध्या वाटेत धूर काढत बंद पडली. सगळे उन्हात उतरले, बायका पोरांना पदराखाली घेऊन बाभळीच्या सावलीला बसल्या. आता तरी गडी गप्प बसेल म्हणून मी बघत होतो. साडू धुराकडे बघून शांतपणे म्हणाले, “सुटताना ओके होती. नंतरचं आपल्याकडं न्हाई.”

आणि ती सही! सही कसली, नांगरट होती ती. सुरुवातीला एक भलं मोठं वेटोळं, त्यातून निघालेली रेघ कागदाच्या पार कडेपर्यंत, आणि शेवटी वर उचललेलं शेपूट. भाच्याच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर त्यांनी एकदा पालक म्हणून सही केली, तर त्या शेपटाखाली गणिताचे गुण झाकले गेले. भाच्याने पुढची सगळी वर्षं त्यांनाच पालक धरलं. सहीवर त्यांचं एक प्रवचनही होतं आणि ते जेवणावळीत, दुसऱ्या वाढपाच्या सुमारास सुरू व्हायचं. “सही म्हंजे काय? शाई न्हवं. सही म्हंजे मी बघितलो. माझ्या डोळ्यानं बघितलो. माझ्या सहीबिगर इमान जागचं हालत न्हाई, ठावं हाय का?” आम्ही माना डोलवायचो, कारण मधे बोललं तर प्रवचन पहिल्यापासून सुरू व्हायचं.

तर अशा या माणसाच्या हातून जे व्हायचं तेच झालं. मी ते लपवून काही सांगणार नाही, कारण पुढे त्यांनीही लपवलं नाही.

विमानात काही दिवे संकटापुरते असतात. एरवी ते कुणाच्या ध्यानातही येत नाहीत. मुख्य वीज गेली की ते आपल्या वेगळ्या बॅटरीवर आपोआप लागतात. दारांवरच्या पाट्या उजळतात, खाली पायांशी दिव्यांची ओळ लागते, आणि धुरात काही दिसेनासं झालं तरी माणूस त्या ओळीमागे दारापर्यंत पोहोचतो. एका विमानाच्या या बॅटऱ्या बदलायच्या होत्या. हँगरमधल्या एका तेलुगू तंत्रज्ञाने त्या बदलल्या, पण मागच्या भागातल्या बॅटरीची जोडणी नीट बसली नाही. चूक त्याची, पण अशी चूक होणार हे धरूनच तर तपासणारा माणूस ठेवलेला असतो. तपासणीची पद्धत सोपी आहे. मुख्य वीज बंद करायची, दिवे लावायचे, आणि पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत चालत जाऊन एकेक दिवा बघायचा. लहान विमान ते, असं किती लांब असणार? लग्नातल्या एका पंगतीएवढं. साडू शिडी चढून दारापर्यंत गेले, आत डोकावले, पुढचे दिवे लागलेले त्यांनी पाहिले, दाराच्या चौकटीवर सवयीप्रमाणे ठोकलं, आणि खाली येऊन सही केली.

त्या वेळी ते फोनवर होते, हे मला ठाऊक आहे, कारण फोनच्या या टोकाला आम्ही होतो. मंठाळला माझ्या मेव्हण्याच्या मुलीच्या लग्नाचा मांडव पडला होता. आम्ही तिथे राबत होतो आणि साडू हैदराबादेहून हुकूम सोडत होते. मेव्हण्याने फोनचा आवाज मोठा करून तो पाण्याच्या पिंपावर ठेवला होता. “लाइटवाल्याच्या बोलण्यावर जाऊ नको,” साडू ओरडत होते. “सोता चालत जा. पार शेवटच्या खांबापर्यंत जा. एकेक दिवा डोळ्यानं बघ. लोक शेवटचा दिवा बघतच न्हाईत, तितंच घात हुतोय.” मागे लोखंडाचा खणखणाट ऐकू येत होता. मधेच कुणीतरी त्यांना तेलुगूत काही विचारलं आणि ते म्हणाले, “हां हां, ओके हाय.” आम्हांला वाटलं, आम्हांलाच म्हणाले. मेव्हणा बिचारा शेवटच्या खांबापर्यंत जाऊन आला. मांडवाचा एकही दिवा बंद नव्हता.

लग्न होऊन आठवडा उलटला असेल. थंडीचे दिवस, दिवेलागणीची वेळ. ते विमान आमच्याच भागातल्या धावपट्टीवर उतरलं आणि थांब्याकडे वळत असताना आत जळका वास येऊन धूर भरायला लागला. पुढे कळलं की हवा खेळवणारा एक पंखा जळाला होता, आग अशी नव्हती. पण तेव्हा ते कुणाला कळणार? वैमानिकाने विमान जागीच उभं केलं, यंत्रं बंद केली आणि सगळ्यांना उतरायला सांगितलं. वीज गेली. पुढच्या निम्म्या विमानात दिवे लागले. मागचं निम्मं विमान मात्र काळंकुट्ट. मागे दार होतं, कर्मचारी मुलगी ते उघडून ‘इकडे या, इकडे या’ म्हणून ओरडत होती. पण अंधारातून येणारी हाक कोण ऐकतो? सगळे उजेडाकडे धावले. त्या रेटारेटीत निर्णा गावच्या शरणम्मा नावाच्या एक बाई, लेकीकडून बेंगळुरूहून परत येणाऱ्या, खाली पडल्या. कुणाचा तरी पाय त्यांच्या हातावर पडला आणि मनगट मोडलं. बाकी सगळे धडधाकट उतरले. एवढ्यावर निभावलं म्हणून आपण हात जोडावेत. पण धूर जरा दाट असता तर हा लेख लिहायला मी बसलो नसतो.

दुसऱ्या दिवशी तपासणारे आले. मागची जोडणी सुटलेली सापडली. त्यावरची सही शोधायला कुणाला त्रास पडला नाही. वेटोळं आणि शेपूट दहा हातांवरून ओळखू यायचं.

साडूंना घरी बसायला सांगितलं तसे ते मेहकरला आले. मी भेटायला गेलो. खरं सांगतो, मला वाईट वाटत नव्हतं. इतकी वर्षं ऐकलेल्या प्रवचनाची परतफेड होणार म्हणून मी वाटेत गाडीवर मनातल्या मनात दोनचार वाक्यं घोळवत गेलो होतो. अंगणात अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, चिंचा फोडत बसली होती. साडू भिंतीला टेकून बसले होते. अंगात साधी बंडी. ते जाकीट कुठे दिसत नव्हतं. मी काही बोलायच्या आतच त्यांचा फोन वाजला. वरचे साहेब होते. बोलणं बराच वेळ चाललं, आणि साडू नुसतं ‘जी’, ‘जी सर’ करत होते. फोन ठेवून त्यांनी आम्हांला सांगितलं ते असं की साहेब दोन वाटा सुचवत आहेत. एक तर म्हणायचं की तपासलं तेव्हा सगळे दिवे लागत होते, जोडणी पुढे उतरताना हादऱ्याने सुटली. नाहीतर म्हणायचं की तंत्रज्ञाने सांगितलं मागचं झालंय, म्हणून सही केली. तंत्रज्ञ कंत्राटी होता. त्याला काढला की गोष्ट तिथेच मिटली.

“मग कसं करायलात?” अक्काने विचारलं.

“हादऱ्यानं सुटू शकतंय तसं,” साडू म्हणाले. “न्हाई आसं न्हाई.”

“ते न्हाई इच्यारले. तुमी बघितलात का?”

“सही हाय म्हंजे—”

“सही इच्यारले न्हाई मी.” अक्काने हातातली चिंच खाली ठेवली. “मागं जाऊन डोळ्यानं बघितलात का?”

अंगणात कोंबड्या फिरत होत्या. शेजारच्या घरात कुणीतरी कन्नड बातम्या लावल्या होत्या. साडूंचं बोट सवयीने भिंतीकडे गेलं आणि न ठोकताच परत आलं.

“न्हाई,” ते म्हणाले. “बघितलो न्हाई.”

अक्का परत चिंचा फोडायला लागली. माझी घोळवलेली वाक्यं माझ्याजवळच राहिली. ती काढावीत असा कुणाचा चेहराच तिथे नव्हता.

तरीही माझा अंदाज होता की माणूस खोटं बोलणार. ज्याने दोन लेकरांच्या आईला नवरी म्हणून पास केलं आणि वर ‘बघणं चुकलं न्हाई’ म्हणाला, तो हादऱ्याचं कारण का सोडेल? वाटेत मी हे बायकोला फोन करून सांगितलंसुद्धा. अंदाज चुकला. साडू हैदराबादला गेले आणि चौकशीत सगळं सांगून आले. मागपर्यंत गेलो नाही, दारातून पाहिलं, फोनवर बोलत होतो. साहेबांनी ‘फोन’ हा शब्द तरी गाळायला सांगितला होता, तोही गाळला नाही. तंत्रज्ञाबद्दल विचारलं तेव्हा म्हणाले, “तेनं चुकलं. पर ते चुकलं का न्हाई ते बघायलाच मी हुतो.” हे मला पुढे अक्काकडून कळलं. तंत्रज्ञाला ताकीद मिळाली, नोकरी राहिली. साडूंचा सही करायचा अधिकार काढून घेतला. आता ते त्याच हँगरमध्ये दुसऱ्यांच्या हाताखाली काम करतात, आणि त्यांच्या कामावर त्यांच्यापेक्षा वयाने लहान असलेली एक बाई सही करते. ती बाई प्रत्येक ठिकाणी टॉर्च हातात घेऊन वाकून बघते आणि साडूंना दोनदोनदा विचारते. साडू दोन्ही वेळा उत्तर देतात.

मग एकदा रविवारी सकाळी त्यांचा फोन आला. “गाडी काढ. निर्ण्याला जायचंय.”

“कामून?” मी विचारलं, जरी मला कळलं होतं.

“ती बाई हाय ना तितली. हात मोडलेली.”

घर शोधावं लागलं नाही. ‘इमानात पडलेली अम्मा’ असं विचारलं की निर्ण्यात लहान मूलसुद्धा हात करून दाखवत होतं. शरणम्मा ओसरीवर बसल्या होत्या. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, उजवा हात पलस्तरात. मागे सून भाकरी थापत होती. साडूंनी आणलेली मोसंबी ओसरीच्या कडेला ठेवली आणि कंपनीतला आहे म्हणून सांगितलं.

“कागद आणलासा काय?” त्या फटकन म्हणाल्या. “सही पायजे आसंल तर उजवा हात मोडलाय. आधीच सांगून ठेवते.”

“न्हाई अम्मा. कागद न्हाई.” साडू उभेच होते. “ते मागचे दिवे लागले न्हाईत न्हवं, ते बघायचं काम माझं हुतं. मी बघितलो न्हाई.”

भाकरी थापायचा आवाज थांबला. शरणम्मांनी त्यांना डोक्यापासून पायापर्यंत पाहून घेतलं.

“कामून?” त्यांनी विचारलं.

मी साडूंकडे पाहिलं. या माणसाकडे कधी उत्तर नव्हतं असं मला आठवत नाही. बस बंद पडली तरी होतं, घर चुकलं तरी होतं.

“मागपर्यंत जायचा कंटाळा केलो, अम्मा.”

“कंटाळा.” तो शब्द शरणम्मांनी तोंडात घोळवून पाहिला. “मी बी कंटाळते की. रोज कंटाळते भाकरी थापायला. पर घरातली उपाशी ऱ्हातेत म्हणून थापते. आता ही थापायली, मी बघत बसले.” मग त्या बोलतच राहिल्या, रागाने नव्हे, पण थांबल्या नाहीत. दार त्यांच्या अगदी पाठीशी होतं, हे त्यांना दवाखान्यात गेल्यावर कुणीतरी सांगितलं. “माझ्या मागंच हुतं म्हणं. हात लांब केले आसते तर लागलं आसतं. मला काय ठावं? पुढं उजेड, मागं काळं. माणूस उजेडाकडंच पळतंय की रे. माझ्यावरून गेले ती काय वाईट माणसं न्हवती. ती बी उजेडाकडंच पळायली हुती.” कधी ‘तुमी’चा ‘तू’ झाला ते कळलंही नाही.

सुनेने पाणी आणलं. साडू आता पायरीवर बसले होते. शरणम्मांनी पलस्तरातला हात मांडीवर सरळ केला.

“आता मला सांग. लेकीचं बाळंतपण आलंय. रेल्वेत रात्रभर बसून ह्या हाताला धक्के बसणार, ती म्हणायली इमानानंच ये. परत त्यातच बसायचं. बसू का?”

हा प्रश्न साडूंना पूर्वी कुणी विचारला असता तर शब्द संपायच्या आत ‘ओके हाय’ आलं असतं. मी त्याची वाट पाहत होतो. आलं नाही. ते उठले, ओसरीवर आणि आत घरात नजर फिरवली आणि सुनेला म्हणाले, “खुर्च्या हायत्या का घरात? हाय तेवढ्या आना.”

दोन प्लॅस्टिकच्या निघाल्या, एक हातांची जुनी लाकडी, एक वेताची, एक लोखंडी घडीची. साडूंनी त्या माजघरात एकामागे एक ओळीने मांडल्या, पार बाहेरच्या दारापर्यंत. मांडताना प्रत्येक खुर्ची हलवून बघितली, लोखंडीचा एक पाय लंगडा निघाला तेव्हा त्याखाली चिंधी दिली. मग शरणम्मांना सगळ्यात मागच्या खुर्चीत बसवलं. “अम्मा, दिवे लागतीलच. पर आता मी दिव्याचं सांगत न्हाई,” ते म्हणाले. “बसल्या बसल्या आधी मागंपुढं वळून दार कुठं हाय ते बघायचं. जवळचं कोणतं ते ठरवायचं. मधी किती खुर्च्या हायत्या ते हातानं मोजायचं. मग अंधार होऊ द्या, धूर होऊ द्या, खाली वाकून खुर्च्या मोजत जायाचं. आता डोळे मिटा.”

शरणम्मांनी डोळे मिटले. डावा हात पुढे करून उठल्या. साडू त्यांच्या मागे, दोन्ही हात पसरून, न शिवता, लहान मूल पहिल्यांदा चालतं तेव्हा आई चालते तसे.

“मोजा,” साडू म्हणाले.

“मोजायचं कशाला? ह्या काय परक्या हायत्या?” डोळे मिटूनच त्या म्हणाल्या. “ही प्लॅस्टिकची, सुनंची. ही वेताची माझी, हितं शिवलेली हाय बघ.”

“अम्मा, इमानात खुर्ची कुणाची ते कळत न्हाई.”

“बसताना इच्यारून ठेवीन की. तू कोण गं, कुठली गं म्हणून. तोंड हाय न्हवं मला!”

सून पदर तोंडाला लावून हसायला लागली. मीही हसलो. साडूंनी मात्र आम्हांला दटावलं, “हसू नका. गोंधळ करा. तितं सगळी वरडत आसतेत. आरडा तुमी.” मग मी भालकीचा प्रतिष्ठित दुकानदार आणि ती निर्ण्याची सून, आम्ही दोघं दोन बाजूंना उभं राहून ‘धावा धावा, सरका सरका’ म्हणून बोंबा मारायला लागलो. शेजारची माणसं कुंपणावरून डोकावली. त्या गोंधळातून शरणम्मा पुढे सरकत होत्या. लोखंडी खुर्ची ओळखली, “जावयाची,” म्हणाल्या. मग त्यांचा हात लाकडी खुर्चीच्या पाठीवर पडला. तिथला रंग हाताने झिजून गेला होता. हात तिथेच राहिला. सुनेचं ओरडणं आपोआप बंद झालं आणि तिने मला खुणेने सांगितलं, सासऱ्यांची. वारून दोन वर्षं झाली होती.

साडू त्यांच्या मागे, हात तसेच पसरून, उभे होते. त्यांनी घाई केली नाही. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, “चला अम्मा. तितं थांबता येत न्हाई.”

“ठावं हाय रे,” शरणम्मा म्हणाल्या. आणि तो हात सोडवून त्यांनी पुढच्या खुर्चीसाठी अंधारात चाचपलं.